वास गेलेलं पाणी

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. तुझे पाय इथून फार लांब आहेत, तेव्हा वाकलो असं समज.

एरवी चार ओळींत पत्र गुंडाळणारा हा आज पानं का भरतोय, असं तुझ्या मनात आलंच असेल. काम आहे म्हणून. तुझ्यापासून लपवून काय उपयोग?

आमच्या मिलमध्ये पाण्यानं नुसता छळ मांडलाय. नदी आटत चालली म्हणून मोठ्या साहेबांनी ताजं पाणी जवळजवळ तोडलं. आता कागदाच्या मशीनखाली जे पाणी गळतं तेच गोळा करायचं, मोठ्या टाकीत घ्यायचं आणि त्यातच पुन्हा जुन्या खोक्यांचा लगदा कालवायचा. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. खोक्यांची खळ त्यात उतरते आणि जंतूंना बसल्या जागी जेवण मिळतं. पाइपांच्या आणि टाक्यांच्या आत बोटभर जाड बुळबुळीत थर धरलाय. त्यातला एखादा गोळा सुटून मशीनवर गेला की कागदाला भोक पडतं, आणि भोक पडलं की धावता कागद टर्रकन तुटतो. मग सगळी मिल माझ्या नावानं खडे फोडते, कारण पाणी विभाग माझा.

जंतू मारायचं विष आम्ही पिंपानं ओततो. जंतू ते पिऊन ढेकर देतात.

आणि वास! सुट्टीनंतर मिल उघडली की कुजक्या अंड्यांचा असा भपका येतो की डोळ्यांतून पाणी. मोठी टाकी अधूनमधून रिकामी करून आतून खरवडावी लागते, तेव्हा माणसं शिडीनं खाली उतरवायची. मागच्या वेळी जाड्या, आमचा फिटर, अर्ध्या शिडीवरच गरगरला. वरच्यांनी कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून रिवाजच पडलाय. झाकण उघडायचं, ब्लोअरनं हवा मारायची, मग मी वाकून वास घ्यायचा. मी मान हलवल्याशिवाय कोणी शिडीला हात लावत नाही. तुमच्या यंत्रांवर नाही इतका माझ्या नाकावर इथे सगळ्यांचा विश्वास आहे. दूध उद्या नासणार हे मी आज सांगायचो, आठवतं ना?

तर तू मागे तुझ्या प्रयोगशाळेतले ते पाणी साफ करणारे किडे म्हणाली होतीस. पाठवशील का?

तुझा,
नाकोबा

•

२१ जानेवारी

नाकोबा,

काम पडलं की ताई आठवते, हे मला नवीन नाही. पण पानं भरलीस, म्हणून माफ.

पहिली गोष्ट. ते किडे नाहीत. पुन्हा किडे म्हणालास तर तिथे येऊन कान उपटीन. एन्झाइम जिवंत नसतं. खात नाही, पीत नाही, पिल्लं घालत नाही. कात्री समज. जंतू स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा डिंक विणतात आणि त्यातच घर करतात. तुझा बुळबुळीत थर म्हणजे तो डिंक. आमची एक कात्री डिंक कापते, दुसरी खळ कापते. थर सुटतो, पाइप मोकळे होतात, कागद तुटायचा थांबतो.

सहा कॅन रेल्वेनं पाठवलेत. उन्हात ठेवू नकोस, कढत पाण्यात घालू नकोस, आणि विषाशी त्याची थेट गाठ घालू नकोस. पंपाजवळ थेंब थेंब सोडायचं.

दुसरी गोष्ट नीट वाच. विष कमी कर, बंद करू नकोस. माझी कात्री फक्त घर मोडते, जंतू मारत नाही. बेघर झालेले जंतू काही संन्यास घेत नाहीत. आणि रोज थोडं जुनं पाणी बाहेर सोडून तेवढं ताजं घ्यायलाच हवं. साहेबांच्या गळी हे तू उतरव, तुझी जीभ गोड आहे.

खरं सांगायचं तर हे माझंही काम आहे. कागदाच्या पाण्यावर चालणारा आमचा विभाग ठेवायचा की मोडायचा ते उन्हाळ्यात ठरणार आहे. तुझ्या मिलमध्ये हे चाललं तर माझं टेबल राहील. असो. आकडे वेळच्या वेळी पाठव. छकुलीला पापा.

ताई

•

१८ फेब्रुवारी

ताई,

चाललं! अगं, नुसतं चाललं नाही, पळतंय!

पहिले काही दिवस काहीच नाही. साहेब मला बघितलं की घड्याळ बघायचे. मग एका सकाळी जाड्या धावत आला, म्हणाला, लवकर चला, टाकी कात टाकतेय. जाऊन बघतो तर थराचे चादरीएवढे तुकडे सुटून पाण्यावर लोळतायत. गाळण्या तुंबल्या, आम्ही दिवसभर हातानं उपसत होतो. पण त्यानंतर पाइपातून हात फिरवला तर पोलाद लागतं, ताई. नुसतं पोलाद. या आठवड्यात कागद जेमतेम दोनदा तुटला. मशीनवरच्या माणसांनी मला चहा पाजला, एरवी ते मला शिव्या पाजतात.

साहेब खूश आहेत. परवा सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. या पाण्यावर बाहेरून पाहुणे आणून दाखवायचं म्हणतायत. जाड्या म्हणतो, तुमच्या ताईंचा फोटो पंपावर लावू या.

आकड्यांचा कागद सोबत आहे. आणखी कॅन पाठव, साहेब आता मागे हटणार नाहीत. माझं डोकं दुखतं अशी हिला शंका आहे, पण हिला शंका कधी नसते?

तुझा,
किडेवाला (कान लांब आहेत, उपटून दाखव)

•

२ मार्च

नाकोबा,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचून दाखवलं. टाकी कात टाकते हे तर आमच्या साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःच्या भाषणात घातलं, आणि नाव काही जाड्याचं घेतलं नाही.

आकडे बघून मी खरंच नाचायची बाकी होते. पण दोन प्रश्न आहेत, आणि उत्तर टाळायची तुझी खोड मला पाळण्यापासून माहीत आहे.

एक. सुटलेला थर सगळा गाळणीत आला का? मला वाटतं, नाही. जड भाग खाली बसला असणार. मोठ्या टाकीच्या तळाला, कोपऱ्यात, जिथे पाणी फिरत नाही तिथे. काठी घालून बघ.

दोन. विष किती चालू आहे? पूर्ण बंद तर नाही ना केलंत? मागच्या पत्रात या मुद्द्यावरून तू अलगद उडी मारून गेलास. आणि डोकेदुखीचं काय ते नीट लिही. बायकोवर ढकलू नकोस.

शिवाय वासाचं कळव. तुझ्या नाकाचं मत मला इथल्या यंत्राइतकंच लागतं.

ताई

•

२० मार्च

ताई,

वास गेला.

हे तुला वेगळ्या ओळीत लिहायचं होतं म्हणून इतके दिवस थांबलो. आधी कमी कमी होत गेला, आणि आता सुट्टीनंतर मिल उघडली तरी काही नाही. झाकण उघडून मी अक्षरशः डोकं आत घातलं. काही नाही! इतकी वर्षं नाकात बसलेली घाण गेली. पाणीसुद्धा कसं, घोटभर प्यावं असं वाटतं. (प्यालो नाही, घाबरू नकोस.)

परवा साहेबांनी पाहुणे आणले होते. मेल्यांनी नाकाला रुमाल लावले. शहरी नाकं, त्यांना आमच्या अंगाचाही वास येत असेल. मी मुद्दाम टाकीच्या काठावर बसून त्यांना सगळं समजावलं.

आता तुझे प्रश्न. काठी घातली. तळाला गाळ आहे, बऱ्यापैकी आहे, गुडघ्याएवढा असेल. एप्रिलअखेरीला मशीन बंद ठेवून मोठी टाकी खरवडायची ठरलीय, तेव्हा निघेल. विष बंद आहे. रागावू नकोस. पिंपं संपली तेव्हा साहेबांनी विचारलं, आणखी मागवू का? मी म्हटलं, गरज दिसत नाही. तुझी कात्री इतकी चालतेय तर विष हवंच कशाला? आणि ताजं पाणी नदीतच नाही, तर मी कुठून आणू?

बाकी सगळं झकास. फक्त वायरमन पंपाच्या खोलीत बोंबलत असतो. तांब्याच्या तारा आणि स्विचच्या पट्ट्या काळ्या ठिक्कर पडतायत, पंप मध्येच बंद पडतो. त्याचा माल स्वस्तातला असणार.

ब्लोअरची मोटर जळलीय, दुरुस्तीला गेलीय. पण आता वासच नाही म्हटल्यावर तिच्यावाचून अडणार नाही.

नाकोबा

•

२९ मार्च

नाकोबा,

आधी तुला शिव्या घालते आणि मग कौतुक करते. विष बंद करायचं नव्हतं. मी दोन ओळींत स्पष्ट लिहिलं होतं. खळ कापली की तिची साखर होते, आणि साखर म्हणजे जंतूंना आयता खुराक. त्यात पाणी कोंडलेलं. तळाच्या गाळात हवा पोचत नाही, तिथे कुजका वायू तयार व्हायला सगळी सोय तू करून ठेवलीयस. साहेबांना सांगून निदान एक पिंप लगेच मागव.

हे लिहून मी जरा थांबले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू म्हणतोस वास नाही. तो वायू जराही असला तरी कुजक्या अंड्यांसारखा नाकात भरतो, आणि तुझं नाक तर आपल्या घरात सगळ्यांना पुरून उरलंय. तेव्हा गाळ बहुधा अजून शांत असावा. तुझ्या नाकावर माझा विश्वास आहे. तांब्याचं मात्र मला कळलं नाही. वायरमनकडून काळी पडलेली एक पट्टी घेऊन पाठव.

एप्रिलअखेरीला टाकीत उतराल तेव्हा ब्लोअर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर तू स्वतः आधी उतरून खात्री करून घेतल्याशिवाय बाकी कोणालाही आत सोडू नकोस. उतरताना कमरेला दोर बांध आणि वर दोन दणकट माणसं उभी कर. हसू नकोस. बांध म्हणजे बांध.

माझा अहवाल पुढच्या महिन्यात जाणार आहे. त्यात तुझ्या मिलचा आलेख पहिल्या पानावर आहे. म्हणून तरी नीट राहा.

ताई

•

६ एप्रिल

वन्सं यांस,

मी कधी तुम्हाला वेगळं पत्र लिहीत नाही, म्हणून आधी घाबरू नका. घरात सगळे बरे आहेत. ह्यांना मात्र सांगू नका मी लिहिलं म्हणून, नाहीतर माझी खैर नाही.

ह्यांना तुम्ही जरा दटावून डॉक्टरकडे पाठवा. माझं ऐकत नाहीत. सर्दी मुरलीय असं मला वाटतं. शिंकत नाहीत, नाक वाहत नाही, पण काही कळत नाही त्यांना. परवा गॅसवर दूध ठेवून मी छकुलीला आंघोळ घालत होते. दूध उतू गेलं, करपलं, खोलीभर धूर. आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तर म्हणतात, काय झालं? दूध उद्या नासणार हे सांगणारा माणूस तो!

संध्याकाळी घरी येतात तेव्हा कपड्यांना अंड्यांचा कुजका वास येतो. पूर्वी सोमवारीच यायचा, आता रोज. छकुली म्हणते, बाबा शी. हे म्हणतात, तुमची नाकं बिघडलीत, मिलमध्ये आता वास औषधालाही नाही. ह्यांच्या गळ्यातली चांदीची साखळी काळी कुळकुळीत पडलीय, घासून घासून माझी बोटं दुखली, दोन दिवसांत पुन्हा तशीच. डोळे लाल असतात. डोकं दुखतं, पण ते कबूल करायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं त्यांना.

मला ह्यातलं काही कळत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ते ऐकतात. तुमचं पत्र आलं की मिलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवतात, छाती फुगवून.

तुमची भावजय

•

१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. शिव्या पोटात घातल्या, कौतुक डोक्यावर घेतलं.

इथे थोडी गडबड झालीय. तळाच्या गाळानं मोठ्या पंपाचं तोंडच बुजलं. साहेब म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत थांबायला वेळ नाही, हीच सुट्टी धरून सोमवारी टाकी रिकामी करा. म्हणजे तेरा तारखेला. ब्लोअरची मोटर अजून आलेली नाही. वायरमनची पट्टी पाठवायची राहिली, सोमवारनंतर पाठवतो.

जाड्या कुरकुरत होता. मागच्या वेळचं त्याच्या मनातून गेलेलं नाही. मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, हे बघ, खुद्द ताईनं लिहिलंय, आधी मी उतरणार, मी खात्री करणार, मग तू. तेव्हा कुठे हसला. म्हणाला, ताई म्हणतायत आणि तुमचं नाक आहे, मग मी लग्नाचे कपडे घालून उतरतो.

दोरही काढून ठेवलाय. तू म्हणतेस म्हणून बांधतो, नाहीतर मी काय बैल आहे?

टाकी साफ झाली की कसलीच चिंता नाही. मग तू एकदा येच. तुला टाकीच्या काठावर बसवून चहा पाजतो.

नाकोबा

•

१३ एप्रिल

अरे,

हे पत्र तार केल्यावर लिहितेय. तारेत जेवढं बसलं तेवढं घातलं, टाकीत कोणीही उतरू नये, मी येते. तार मिळाली की थांब. काही विचारू नकोस, थांब.

तुझं नाक गेलंय. सर्दी नाही ती. हा वायू थोडा असतो तेव्हा घाण येते. जास्त झाला, रोज रोज नाकात गेला, की वास ओळखायची ताकदच मारून टाकतो. माणसाला वाटतं घाण गेली. घाण जात नाही, नाक जातं. तांबं त्यानंच काळं पडलं. तुझी साखळी त्यानंच काळी पडली. पाहुण्यांनी रुमाल लावले ते शहरी म्हणून नाही, मिलमध्ये तेवढ्यांचीच नाकं शाबूत होती म्हणून. हे मला मार्चमध्येच कळायला हवं होतं. रसायनं शिकलेली मी, आणि यंत्र मागायचं सोडून तुझ्या नाकाला प्रमाणपत्र देत बसले. मला माझं टेबल हवं होतं, रे. तुझं पत्र वाचून मला जे वाटावंसं वाटत होतं तेच मला वाटलं.

तळाचा गाळ हलवला की त्यात कोंडलेला वायू एकदम उसळून वर येतो. एका श्वासात माणूस पडतो. त्याला काढायला उतरणाराही पडतो. म्हणून आधी तू उतर हे माझं वाक्य खोडून टाक. कोणीच नको. तूही नको.

मिलमध्ये फोन लावला होता. साहेब म्हणाले, काळजी करू नका, तुमचा भाऊ सगळं जातीनं बघतोय, तो आत्ताही तिकडेच आहे. मग काही गडबड चाललीय म्हणून फोन ठेवला. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे हे माझं नशीब. शनिवारच्या गाडीनं वायू मोजायचं यंत्र घेऊन येते. बायकोवर रागावू नकोस. तिनं लिहिलं म्हणून मला कळलं.

तुझी ताई

•

१५ एप्रिल

ताई,

मी ठीक आहे, येऊ नकोस, ही माझी तार मिळाली असेलच. तुझी तार सोमवारी संध्याकाळी आली.

दुपारी दवाखान्यातून घरी आलो. घसा जळतो, बोलता येत नाही, बाकी धडधाकट आहे.

जाड्या गेला. टाकीत. तो न विचारता उतरला. गाळात फावडं घातलं आणि पडला. त्याला काढायला मी वाकलो तर मलाही भोवळ आली.

मिलचं फाटक बंद आहे, चौकशी चालू आहे. इथे येऊन तुला कोणी काही विचारत बसायला नको. म्हणून येऊ नकोस.

जास्त लिहवत नाही.

•

२१ एप्रिल

माझ्या सोन्या,

तुझी तार मिळाली. मी ठीक आहे हे तीन शब्द मी कितीदा वाचले त्याला हिशोब नाही. काल पत्र आलं. जाड्याचं वाचून जेवण गेलं नाही. मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नाही, पण तुझ्या पत्रांतून तो मला इतका ओळखीचा झाला होता की दारात उभा राहिला असता तर मी हाक मारली असती.

पण एक सांगते, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. तो न विचारता उतरला हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. आठवडाभर मला एकच दिसत होतं, की माझ्या त्या वाक्यावर भरवसा ठेवून तुम्ही कोणाला तरी खाली पाठवलं. तसं झालं नाही. त्यानं घाई केली, बिचाऱ्यानं. तुझा दोष नाही. माझाही, म्हणजे तितका, नाही. चौकशीत जसं झालं तसं सांग आणि मोकळा हो. साहेब तुझ्या बाजूनं आहेत ना?

आमच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अपघात मिलच्या निष्काळजीपणाचा आहे, आपल्या मालाचा नाही. अहवालात आलेख राहू द्या, खाली एक ओळ घाला. मला काही सुचत नव्हतं, मी हो म्हटलं.

नाक दाखव. कान-नाक-घशाच्या डॉक्टरलाच दाखव. बायकोला जप.

ताई

•

२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आल्यापासून खिशात घेऊन फिरतोय. जीव भांड्यात पडला असं लिहिलंस, त्या ओळीवर मी रोज येऊन अडकतो.

साहेब माझ्या बाजूनं आहेत. दवाखान्यात पहिल्याच दिवशी आले. घरच्यांना बाहेर काढलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, तो न विचारता उतरला, असंच झालं ना? मला धड श्वास घेता येत नव्हता. मी मान हलवली. त्या टाकीवर मी मान हलवली की सगळं पक्कं, तसंच हेही पक्कं झालं. मग तुलाही तेच लिहिलं. लिहून झाल्यावर मला स्वतःलाही ते पटायला लागलं. परवा त्यांनी टाईप केलेला कागद आणला, खाली माझ्या सहीसाठी जागा. न विचारता उतरलेल्याची जबाबदारी मिलवर येत नाही. त्याच्या घरी काही द्यावं लागत नाही, आणि माझी जागा राहते.

काल जाड्याची बायको आली. रडली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "भावजी, मागच्या वेळेपासून त्या टाकीचं नाव काढलं तरी ह्यांना घाम फुटायचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते त्या झाकणाजवळ उभे राहायचे नाहीत. मग न विचारता उतरले कसे?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी घशाला हात लावून बोलता येत नाही असं दाखवलं. बोलता येत होतं, ताई.

आज सकाळी मोठ्या साहेबांचा कागद सही न करता परत दिला आणि चौकशीच्या साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. विष बंद करा म्हणणारा मीच, हेही सांगितलं. तुझं पत्र दाखवलं नाही, पण त्यातलं वाक्य सांगितलं, कारण ते गाळून बाकीचं सांगता येत नव्हतं. तुलाही बोलावतील. तुझं टेबल माझ्यामुळे जाणार असेल तर जाईल. मला क्षमा कर किंवा करू नकोस.

आता तुला सांगतो. आधी मीच उतरलो, तू म्हणालीस तसा, दोर बांधून. गाळाच्या काठाशी उभा राहिलो. दोन-तीन मोठे श्वास घेतले. काही नाही. स्वच्छ वाटलं. हवा इतकी हलकी वाटली की मला हसू आलं. जाड्या फावडं घेऊन खाली आला. मी तपासलंय म्हटल्यावर त्याला दोर कशाला हवा होता? तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि त्यानं गाळात पहिलं फावडं मारलं. पुढचं मला आठवत नाही. मला दोरानं ओढून काढलं. त्याला काढायला वरून कोणी उतरू शकलं नाही, आणि नंतर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

तो न विचारता उतरला नाही. झाकणातून वाकून त्यानं विचारलं होतं, "येऊ का?" आणि मी खालून म्हटलं, "ये."